खुल्या हार्डवेअरवर स्वतःचे ५जी: वेर्ण्याच्या शेडला एक उत्तर, डिचोलीच्या खाणीला दुसरे

प्रश्न असा आला आहे. वेर्णा औद्योगिक वसाहतीत कारखाना, पत्र्याच्या दोन मोठ्या शेड. त्याच मालकांकडे डिचोली तालुक्यात एका खाणीवरच्या वाहतुकीचे काम. शेडमध्ये वाय-फाय मधूनमधून तुटते आणि खाणीच्या पिटात (खोदलेल्या खड्ड्यात) मोबाईलला रेंज नाही. खाजगी ५जीचे दरपत्रक पाहून मालक हबकले. मग कोणीतरी सांगितले की खुले हार्डवेअर आणि फुकटचे सॉफ्टवेअर घेतले तर हेच काम एक तृतीयांश पैशांत होते. हे खरे का, आणि सुरुवात कुठून करायची?

अर्धे खरे आहे. कोअर (सिम ओळखून डेटा वाटेला लावणारा नेटवर्कचा मेंदू), सर्व्हर आणि सिमकार्ड या बाजूला खुलेपणा आज खरोखर वापरण्याजोगा आहे. रेडिओच्या बाजूला तो बराचसा कागदावर आहे. आणि स्पेक्ट्रम तुमच्या हातात नाही, त्यामुळे बाकी सगळे फुकट मिळाले तरी नेटवर्क सुरू करता येत नाही. लोक चर्चा रेडिओपासून सुरू करतात, मी उलट्या टोकाने करतो.

आधी शेडचे उरकतो, कारण तिथे ५जीची गरज मला दिसत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये लहरी भिंतींवर आपटून परत येतात, आणि हँडहेल्ड स्कॅनर दूरच्या अ‍ॅक्सेस पॉइंटला चिकटून राहतो, जवळच्याकडे जातच नाही. वाय-फाय तुटते त्याचे कारण नव्वद टक्के वेळा हेच असते. यावर इलाज म्हणजे छताला टांगलेले दोन दणकट अ‍ॅक्सेस पॉइंट काढून कमी पॉवरचे जास्त पॉइंट रॅकच्या ओळींमध्ये खाली लावणे, २.४ गिगाहर्ट्झ फक्त जुन्या उपकरणांपुरते ठेवणे, आणि स्कॅनरमध्ये रोमिंगचा उंबरठा बदलणे. ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा आपल्याकडे २०१८ पासून परवानामुक्त आहे, तिथे जागा भरपूर मिळते. तापमान, टाकीची पातळी असे तुरळक आकडे पाठवायचे असतील तर ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झमध्ये लोरा (थोडाच डेटा कमी विजेत दूरवर पाठवणारी रेडिओ पद्धत) पुरते. हे करूनही भागले नाही तर पुढे बोलू.

खाणीचे प्रकरण वेगळे आहे. उघडा पिट, दर काही महिन्यांनी सरकणारे बाक (खोदकामाच्या पायऱ्या), सतत फिरणारे टिप्पर, मध्ये खनिजाचे डंप. इथे वाय-फायची जाळी थकते आणि ४जी-५जीला अर्थ येतो. मुरगाव बंदरातले यार्ड किंवा जहाजबांधणीचा धक्का हीसुद्धा याच जातीची जागा.

आता स्पेक्ट्रम. दूरसंचार विभागाने जून २०२२ मध्ये खाजगी नेटवर्कसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. सरकारी नाव लांबलचक आहे, सगळे त्याला सीएनपीएन म्हणतात. त्यात चार वाटा आहेत. मोबाईल कंपनीने तिच्या सार्वजनिक नेटवर्कमधला एक हिस्सा तुम्हाला वेगळा काढून द्यायचा. किंवा तिने तुमच्या आवारात तिच्या स्पेक्ट्रमवर स्वतंत्र नेटवर्क उभारून द्यायचे. किंवा तुम्ही तिच्याकडून स्पेक्ट्रम भाड्याने घेऊन नेटवर्क स्वतः चालवायचे. किंवा सरकारकडून थेट स्पेक्ट्रम घ्यायचा. चौथी वाट सगळ्यांना आवडते. पण तिच्यासाठी विभागाने आधी मागणीची चाचपणी ठेवली, आणि त्यात भाग घ्यायला कंपनीचे नक्तमूल्य १०० कोटी रुपयांहून जास्त हवे अशी अट घातली. तुमच्यासारख्या मध्यम उद्योगाने त्या वाटेवर योजना आखू नये. तुमच्यापुरती दुसरी किंवा तिसरी वाट धरा.

परदेशातले लेख वाचून इथे बरेच जण फसतात. अमेरिकेत ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झचा सीबीआरएस पट्टा आहे, तिथे प्रमाणित रेडिओ आणि ऑनलाइन नोंदणी करणारी यंत्रणा एवढ्यावर गोदामवालाही नेटवर्क लावतो. जर्मनीने ३.७ ते ३.८ गिगाहर्ट्झ कारखान्यांसाठी राखून ठेवला आणि जागेच्या मालकाला तो अर्ज करून मिळतो. खुल्या हार्डवेअरवरच्या यशोगाथा बहुतेक या दोन देशांतल्या असतात. त्यांतला रेडिओ आपल्याकडे आणून परवानगीशिवाय चालू करणे हा कायद्याने गुन्हा आहे, तुरुंगवासाचीही तरतूद आहे. शिवाय आपल्याकडे ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झ २०२२ च्या लिलावात निघाला आणि त्यातला बराचसा मोबाईल कंपन्यांकडे गेला आहे, म्हणजे तो ‘रिकामा’ पट्टा कुणाचा तरी विकत घेतलेला माल आहे.

एक गोष्ट मालकांना आधीच विचारा: नेटवर्क कोणाच्या नावावर? तुम्ही वाहतुकीचे कंत्राटदार, खाणपट्टा दुसऱ्याचा. खाजगी नेटवर्क हे स्वतःच्या वापरासाठी असते, सार्वजनिक टेलिफोन नेटवर्कला ते जोडता येत नाही. पट्टेदाराच्या जमिनीवर, त्याच्या माणसांनाही सिम देऊन तुम्ही ते चालवणार असाल तर अर्ज पट्टेदारानेच करणे सोपे पडते. हे कागद उलटसुलट झाले की तांत्रिक काम चोख असूनही अडकते.

आता हार्डवेअर. ‘खुले’ म्हणून जे विकले जाते त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली, इंटरफेस खुला: रेडिओ एका कंपनीचा, बेसबँड (सिग्नलचे गणित करणारा भाग) दुसऱ्याचा, मधली भाषा प्रसिद्ध आहे. २०१८ साली स्थापन झालेल्या ओ-रॅन अलायन्स या कंपन्यांच्या संघाचे काम मुख्यतः हे. दुसरी, बेसबँड खास डब्यात न ठेवता बाजारातल्या साध्या सर्व्हरवर चालवणे. तिसरी, सॉफ्टवेअरचा सोर्स खुला. चौथी, बोर्डचा नकाशा, सुट्या भागांची यादी, सगळे प्रसिद्ध, म्हणजे कोणीही बनवून घेऊ शकतो. खऱ्या अर्थाने खुले हार्डवेअर फक्त ही चौथी गोष्ट, आणि मोबाईल नेटवर्कमध्ये ती सर्वात दुर्मिळ आहे. लाइमएसडीआर हा सॉफ्टवेअरने चालणारा रेडिओ-बोर्ड तिचे चांगले उदाहरण. फेसबुकने २०१६ मध्ये ओपनसेल्युलर नावाचे बेस स्टेशन असेच खुले केले होते, हेतू दुर्गम गावांचा होता. नकाशे मिळाले, पण ते वर्षानुवर्षे बनवत राहणारा, सुटे भाग बदलले की नकाशा सुधारणारा कारखानदार मागे उभा राहिला नाही. माझ्या मते दोष नकाशाचा नव्हता. रेडिओच्या धंद्यात नकाशा हा सोपा भाग आहे.

अवघड भाग कोणता, ते सांगतो. रेडिओच्या पेटीत पॉवर अ‍ॅम्प्लिफायर असतो. तो जोरात चालवला की सिग्नल वाकडा होतो आणि शेजारच्या पट्ट्यात घाण सांडतो. ते आधीच ओळखून सिग्नलला उलटा वाक देणारे गणित चिपमध्ये बसवतात. हे गणित जवळपास सगळ्यांनी कुलूपबंद ठेवले आहे. त्याच्या पुढे फिल्टर, उष्णता बाहेर काढणारे अंग, पाण्यापासून बचाव, आणि प्रमाणपत्रे. आपल्याकडे वायरलेस उपकरण आणायचे तर प्रकार-मान्यता लागते आणि दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राचे अनिवार्य प्रमाणन आहे. घरी जोडलेल्या बोर्डला हे कोण मिळवून देणार?

प्रयोगशाळेतला रेडिओ आणि प्रत्यक्ष जागेवरचा रेडिओ यांत किती अंतर असते त्याचा एक नमुना. यूएसआरपी बी२१० हा सगळ्यांचा लाडका बोर्ड: ७० मेगाहर्ट्झ ते ६ गिगाहर्ट्झ, यूएसबीने लॅपटॉपला जोडा, वर एसआरएसरॅन किंवा ओपनएअरइंटरफेस हे बेस स्टेशनचे खुले सॉफ्टवेअर चढवा, एका संध्याकाळी सेल (एका रेडिओचे क्षेत्र) उभा राहतो. पण त्याच्या आतल्या घड्याळाची अचूकता दहा लाखांत २ भाग. ३.५ गिगाहर्ट्झवर ही चूक ७ किलोहर्ट्झ होते. मोबाईलच्या मानकात छोट्या बेस स्टेशनलाही दहा लाखांत ०.१ भाग एवढीच सूट आहे, म्हणजे वीसपट कडक. म्हणून नवशिक्यांचा फोन सेल ‘पाहतो’ पण जोडला जात नाही, आणि ते बिचारे दोन दिवस सॉफ्टवेअर तपासत बसतात. बाहेरून जीपीएसवर बांधलेले घड्याळ दिले की सुरळीत. पॉवरही मिलिवॉटमध्ये. टेबलावर ठीक, पिटात काही नाही.

तरी हा बोर्ड घ्याच, शिकण्यासाठी. फक्त हवेत सोडू नका. बोर्ड आणि मोडेम यांच्यामध्ये कोअ‍ॅक्स केबल आणि पुरेसे अ‍ॅटेन्युएटर लावा, आणि दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवरून न-प्रक्षेपी (हवेत लहरी न सोडणाऱ्या प्रयोगाचा) प्रायोगिक परवाना घ्या. फर्मागुडीला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, झुआरीनगरला बिट्स, कुंकळ्ळीला एनआयटी. तिथल्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवेच असतात. पुढे हे नेटवर्क सांभाळायला माणूस लागणार आहे, तो इथेच घडवणे मुंबई-बंगळुरूहून बोलावण्यापेक्षा बरे. चवथीच्या आठवड्यात काही बंद पडले तर घाट ओलांडून कोणी येत नाही.

खुल्या इंटरफेसबद्दल एक सावधगिरी. ओ-रॅनचा ७.२ नावाचा विभाग, म्हणजे रेडिओने कुठपर्यंत गणित करायचे आणि सर्व्हरने कुठून पुढे, तो प्रसिद्ध आहे. पण आत पर्याय इतके आहेत की दोन ‘मानकानुसार’ पेट्या पहिल्या दिवशी एकमेकींशी बोलतीलच असे नाही. एक साधा हिशोब करून पाहा. १०० मेगाहर्ट्झच्या वाहकात ३२७६ उपवाहक असतात, सेकंदाला २८ हजार चिन्हे. प्रत्येकाचे दोन आकडे, १६ बिटांचे धरले तर एका प्रवाहाला (एका अँटेना-मार्गाला) सेकंदाला जवळपास ३ गिगाबिट, चार प्रवाहांना पावणेबारा. म्हणजे १० गिगाबिटचा स्विच आणि फायबर कमी पडले. तेच आकडे ९ बिटांत दाबले तर साडेसहाच्या आसपास, आरामात बसतात. आता तुमच्या रेडिओला दाबणे येते आणि सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरला ते उलगडणे येत नाही, असे निघाले तर? दोन्ही पेट्या खुल्या, दोन्ही प्रमाणित, आणि तुम्ही २५ गिगाबिटचा स्विच शोधत फिरताय. म्हणून रेडिओ आणि बेसबँड यांची जोडी आधी कोणीतरी एकत्र चालवून दाखवलेली हवी, सॉफ्टवेअरच्या आवृत्तीच्या क्रमांकासकट. विक्रेता लेखी देत नसेल तर ती जोडी नाही असे समजा.

वेळ जुळवणे ही दुसरी कटकट. एकाच वारंवारतेवर आळीपाळीने पाठवणे-घेणे चालते, म्हणून शेजारच्या सेलची घड्याळे एकमेकांच्या तीन मायक्रोसेकंदांत हवीत. जीपीएस अँटेनाला मोकळे आकाश लागते. खोल पिटाच्या भिंतीला टेकून लावली तर उपग्रह कमी दिसतात, तेव्हा ती वरच्या काठावर लावा. मधला स्विच वेळेचा प्रोटोकॉल समजणारा घ्या. इथे स्वस्त स्विच घेऊन वाचवलेला पैसा पुढे तिप्पट जातो.

सर्व्हर मात्र साधा चालतो, आणि इथे खुलेपणाचा खरा फायदा आहे: बंद पडला तर पणजीतल्या दुकानातून दुसरा येतो. बायोसमधली वीजबचत बंद करा, रिअल-टाइम कर्नल वापरा, बेसबँडसाठी प्रोसेसरचे काही गाभे इतर कामांपासून राखून ठेवा. सेल दर काही मिनिटांनी मध्येच दचकतो अशी तक्रार आली की मी प्रथम वीजबचतच पाहतो.

कोअरच्या बाजूला मी निःसंकोच खुले सॉफ्टवेअर सुचवेन. ओपन५जीएस एका छोट्या यंत्रावर चालते आणि शे-दोनशे उपकरणांना पुरते. फ्री५जीसी तैवानच्या विद्यापीठातून आले, त्याचा परवाना अधिक सैल आहे. मोठा पसारा असेल तर एथर हा खुला प्रकल्प पाहा. ओपन५जीएसचा परवाना एजीपीएल आहे, त्यात बदल करून इतरांना सेवा द्याल तर तो बदल खुला करावा लागतो. स्वतःच्या खाणीपुरते वापरणाऱ्याला याची झळ नाही. रिकामी सिमकार्डे स्वतः लिहिता येतात, त्यांच्या किल्ल्या तुमच्याकडे राहतात. हे फार मोलाचे आहे. किल्ल्या विक्रेत्याकडे असतील तर कोअर बदलायच्या दिवशी प्रत्येक टिप्परमधले सिम काढून नवे घालावे लागते. नेटवर्कचा क्रमांक मात्र मनाने निवडू नका, तो परवानगीसोबत ठरतो. आणि कामगारांचे स्वतःचे फोन या नेटवर्कवर येतील अशी आशा ठेवू नका. अनोळखी नेटवर्क दिसले की बरेच फोन स्वतंत्र (४जीचा आधार नसलेल्या) ५जीला हात लावत नाहीत. टिप्परमध्ये औद्योगिक राउटर बसवा.

आता ज्या गोष्टीवर सगळे कोसळते ती: अपलिंक, म्हणजे उपकरणाकडून नेटवर्ककडे जाणारा डेटा. मोबाईल नेटवर्क डेटा उतरवून घेणाऱ्यांसाठी बनले आहे, लोक व्हिडिओ पाहतात. खाणीत उलटे, कॅमेरे पाठवतात. समजा मोबाईल कंपनीने ४० मेगाहर्ट्झ दिले आणि तिच्या पाठवण्या-घेण्याच्या वेळापत्रकात पाचातला एक भाग अपलिंकचा आहे. सिग्नल चांगला, एकच थर धरला, तर पूर्ण सेलला २५ ते ३० मेगाबिट अपलिंक मिळते. टिप्परांवर समजा वीस कॅमेरे आहेत, प्रत्येकी ४ मेगाबिट धरा: ८० होतात. बसत नाहीत. ‘मग आम्ही वेळापत्रक उलटे करू, खुले सॉफ्टवेअर आहे ना, एक ओळ बदलायची’ असे तुमचे तरुण अभियंते म्हणतील. ओळ बदलता येते हे खरे. पण डोंगरापलीकडे त्याच किंवा लगतच्या वारंवारतेवर मोबाईल कंपनीचा टॉवर असेल तर तो बोलत असताना तुमचा रेडिओ ऐकत असेल, आणि त्याच्या आवाजात तुमचे टिप्पर बुडतील. म्हणून वेळापत्रक कंपनीशी बोलूनच ठरते. पिटाच्या भिंती इथे मदतीला येतात: सेल खाली, अँटेना खाली झुकवलेला, पॉवर कमी, तर वेगळे वेळापत्रक मागायला तुमच्याकडे आधार असतो. मोजमापे घेऊन जा.

नाहीतर कॅमेऱ्यांचे डोके वापरा. सगळे चित्र सतत पाठवायची गरज नसते. टिप्परमध्येच रेकॉर्ड करा, घटना घडली की तेवढा तुकडा पाठवा, उरलेले वजनकाट्यापाशी वाय-फायवर उतरवा.

पावसाबद्दल लोक उगाच घाबरतात आणि चुकीच्या जागी घाबरतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो तरी ३.५ गिगाहर्ट्झवर त्याचा सिग्नलवर परिणाम नगण्य. २६ गिगाहर्ट्झवर मात्र मुसळधार पावसात किलोमीटरला १० डेसिबलहून जास्त जातात, तो पट्टा इथे उघड्यावर नकोच. ओली काजूची झाडे आणि रानही आडवे येते, तेव्हा उन्हाळ्यात केलेली चाचणी जुलैत पुन्हा करा. खरा शत्रू दमट हवा आणि किनाऱ्याजवळची खार. प्रयोगशाळेतल्या बोर्डांवर ओलाव्यापासून वाचवणारा लेप नसतो, एका पावसाळ्यात सांध्यांवर हिरवट थर येतो. पंख्याने बाहेरची हवा ओढणारी कॅबिनेट लावू नका, बंद कॅबिनेट आणि उष्णता-विनिमयक घ्या. कनेक्टरवर चिकटून एकजीव होणारी टेप, केबलला पेटीत शिरण्याआधी खाली वळसा, ३१६ प्रतीच्या स्टीलचे क्लँप. वळीव आणि ऑक्टोबरच्या गडगडाटासाठी अर्थिंग आणि सर्ज अरेस्टर. जांभ्या दगडात अर्थिंगचा रोध सहज खाली येत नाही, एका खड्ड्यावर भागवू नका, मोजून घ्या.

खाणीत पक्का टॉवर बांधू नका असे मी आवर्जून सांगेन. मार्च २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी एका निकालाने थांबल्या आणि लिलाव होऊन पुन्हा हलायला वर्षे लागली. पिटही सरकतो. ट्रेलरवरचा मास्ट, त्यावर रेडिओ, खाली बॅटरी आणि छोटा सर्व्हर, असे चाकांवरचे नेटवर्क घ्या. उद्या काम सांग्याला गेले तर ओढून नेता येते, अर्थात नव्या जागेची परवानगी घेऊन.

मी स्वतः तुमच्या जागी असतो तर: रेडिओ आणि बेसबँड प्रमाणित, जोडीने चाचणी झालेला, आतून कुलूपबंद असला तरी चालेल. सर्व्हर साधा. कोअर खुला आणि खाणीच्या आवारातच, म्हणजे बाहेरचा फायबर तुटला तरी टिप्पर चालू. सिमच्या किल्ल्या माझ्याकडे. मोबाईल कंपनी स्वतःच नेटवर्क लावून देणार असेल तर उपकरणे तीच निवडेल, मग भांडायचे ते करारात: आकडेवारी आणि अलार्म प्रमाणित इंटरफेसवर मला मिळाले पाहिजेत, डेटा आवाराबाहेर जाता कामा नये, वेळापत्रकातला अपलिंकचा वाटा लिहिलेला हवा, आणि करार संपल्यावर कोअर आणि सिम माझे राहतील. एक तृतीयांश खर्चाचे म्हणाल तर तेवढी बचत मी कुठे पाहिलेली नाही. सर्व्हर-कोअरमध्ये वाचलेल्या पैशांचा चांगला भाग जोडणी करणाऱ्या माणसांवर जातो, आणि तो तिथे जायलाच हवा.

दरपत्रके मागवण्याआधी तीन गोष्टी कागदावर आणा: पिटाचा उंचसखल नकाशा, प्रत्येक उपकरण एकाच वेळी किती मेगाबिट पाठवते याची बेरीज, आणि नेटवर्क कोणाच्या नावावर असेल याबद्दल पट्टेदाराचे पत्र. या तिन्हींशिवाय आलेल्या दरपत्रकांची तुलना करता येत नाही, कारण प्रत्येक विक्रेता वेगळ्याच खाणीची किंमत सांगत असतो.